शून्य आणि रिकामी चौकट
(हंगामाच्या सणाच्या उपासनेनंतर मंडळीसमोर केलेले भाषण)



मागच्या वर्षी तुम्ही वसतिगृहासाठी तीन जुने लॅपटॉप दिलेत. त्यांचं काय झालं ते सांगायला मी आले आहे. देणगी दिली त्या दिवशी चहाच्या वेळी एका काकांनी मला सरळ विचारलं होतं, "बाई, त्या लेकरांना आधी गणित तरी येऊ द्या. कॉम्प्युटर कशाला?" प्रश्न रास्त होता. माझं उत्तर आहे, गणितासाठीच.

आपली मुलं सातपुड्यातली, नंदुरबार जिल्ह्यातली, भिल्ल आणि पावरा घरांतली. घरची बोली वेगळी, शाळेची मराठी वेगळी. शाळेच्या पुस्तकात स्तंभालेख असतो. कुठल्याशा गावातल्या सायकली आणि मोटारी मोजून खांब काढायचे. मुलं ते काढतात, पण त्या सायकलींशी त्यांचं काय देणंघेणं? खेळात कोण जिंकलं याच्याशी मात्र असतं. म्हणून मी खेळापासून सुरुवात केली.

पहिला आलेख १९२८ सालच्या ऑलिंपिक हॉकीचा. अ‍ॅमस्टरडॅमला गेलेल्या भारतीय संघाचा कर्णधार जयपालसिंग मुंडा, छोटा नागपूरचा आदिवासी, रांचीच्या मिशन शाळेत शिकलेला. पुढे घटना समितीत आदिवासींच्या बाजूने उभा राहिला तो हाच. मुलांनी एका रकान्यात प्रतिस्पर्धी संघ लिहिले, दुसऱ्यात आपले गोल: ऑस्ट्रिया ६, बेल्जियम ९, डेन्मार्क ५, स्वित्झर्लंड ६, अंतिम सामन्यात नेदरलँड्स ३. खाली बेरीज करायला सांगितली, उत्तर आलं २९. मग तिसऱ्या रकान्यात आपल्यावर झालेले गोल. पाचही ठिकाणी शून्य. आलेख काढला तर दुसऱ्या रंगाचे खांब दिसेनात! "बाई, कॉम्प्युटर बिघडला." नाही रे बाळांनो, शून्याला उंची नसते. पाच सामन्यांत एकही गोल झाला नाही, म्हणून तिथे खांब नाही. हे एकदा पटल्यावर त्या न दिसणाऱ्या खांबांचाच त्यांना जास्त अभिमान वाटू लागला.

मग आम्ही स्वतःच्या धावण्याकडे वळलो. दर शनिवारी सकाळी ६०० मीटर. एकाच्या हातात स्टॉपवॉच, एकाच्या हातात वही, आणि संध्याकाळी वीज असली तर आकडे कॅल्कमध्ये. (कॅल्क फुकट मिळतं, एक्सेलसारखंच आहे.) मिनिटं आणि सेकंद तसेच लिहिले तर कॉम्प्युटर त्याला घड्याळातली वेळ समजतो, म्हणून मुलं आधी सगळ्याचे सेकंद करतात. दोन मिनिटं अठ्ठावीस सेकंद म्हणजे १४८. साठचा पाढा आता झोपेतही येतो.

इथे पहिलं भांडण झालं. सर्वांत हळू धावलेल्याचा खांब सर्वांत उंच! "हरला तो उंच कसा?" वेळ जितका कमी तितकं चांगलं, हे त्यांनी आपापसांत वाद घालून ठरवलं. दुसरं भांडण त्याहून मोठं. गावी गेलेल्या एका मुलाच्या चौकटीत कोणीतरी ० लिहिलं होतं. तो शून्य सेकंदांत ६०० मीटर धावून पहिला आला, आणि वर्गाची सरासरीही त्याने खाली ओढली! तेव्हापासून नियम झाला: जो नव्हता त्याची चौकट रिकामी ठेवायची. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. रिकामी म्हणजे मोजलंच नाही.

हे मी एवढं घोळवून सांगते आहे, कारण आमच्या पानावर रिकाम्या चौकटी खूप असतात. दिवाळीनंतर कित्येक आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात, आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला मोठ्या मुलीला सोबत नेतात.

खरं माप कसं दाखवायचं, हेही शिकवावं लागतं. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत १०,००० मीटरला प्रीजा श्रीधरनला सुवर्ण आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतला रौप्य मिळालं. १९१०.४७ सेकंद आणि १९११.४४ सेकंद. शून्यापासून खांब काढले तर दोन्ही सारखेच दिसतात. तेच माप १९१० पासून सुरू केलं, तर कविताताईचा खांब तिप्पट होतो, जणू ती कितीतरी मागे राहिली. आकडे तेच, चित्र खोटं. नीतिसूत्रांत खोट्या तराजूविषयी काय म्हटलं आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. आता वर्तमानपत्रात आलेख दिसला की मुलं आधी डावीकडचा खालचा आकडा बघतात.

आता एका मुलीविषयी. नाव सांगत नाही. सहावीत आहे. ऊसतोडीहून परत आली तेव्हा तिच्या ओळीत सात चौकटी रिकाम्या होत्या. आम्ही प्रत्येकाची स्वतःची रेषा काढतो, एकमेकांशेजारी खांब उभे करत नाही. सराव वाढला की रेषा खाली उतरत जाते. हिची वर चढत होती. १४८, १५१, १५५, १६३. विचारलं तर म्हणे, "काही नाही बाई, शीण आहे." पण वही लिहिणारा मुलगा रेषेवर बोट ठेवून म्हणाला, "शीण असता तर उतरली असती ना?"

तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथल्या चाचणीत संशय आला, पुढच्या तपासणीत सिकलसेल निघाला. आपल्या भागातल्या आदिवासी घरांत हा आजार बराच आढळतो. आईवडील दोघांकडून येतो. रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. अंगातलं पाणी कमी झालं, थंडी लागली, फार दमलं की दुखणं उसळतं. डॉक्टरांनी शर्यत बंद केली, रोज फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आणि भरपूर पाणी सांगितलं. २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल मोहीम सुरू आहे, तिच्यातून वसतिगृहातल्या सर्व मुलांची तपासणी आम्ही करून घेतली.

धावणं थांबलं तेव्हा ती दोन दिवस रुसली होती. आता स्टॉपवॉच तिच्याकडे आहे, आणि दर शनिवारचं पान तीच भरते. चुकून कोणी रिकाम्या चौकटीत शून्य लिहिलं तर पुसायला लावते. या दिवाळीनंतर तिला इथेच ठेवा, असं तिच्या आईवडिलांना सांगायला मी पाड्यावर जाऊन आले. वडील म्हणाले, "मग धाकट्याला कोण बघेल?" अजून हो म्हणालेले नाहीत. धाकटा चार वर्षांचा आहे. दोघांचीही सोय वसतिगृहात करता येईल का, हे मी कमिटीपुढे ठेवलं आहे.

तीनपैकी दोन लॅपटॉपच्या बॅटऱ्या गेल्या आहेत. पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस नसते, तेव्हा पान वहीतच राहतं. कोणाच्या घरी वापरात नसलेला छोटा इन्व्हर्टर असेल, तर उपासनेनंतर मला भेटा. मी दाराशी थांबते.