दुसरे दार आणि जोडलेला जिना



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी पाढे म्हटले, त्याच शाळेने स्मृतिव्याख्यानासाठी बोलवावे, हा मान माझ्या योग्यतेपेक्षा मोठा आहे. हे व्याख्यान ज्यांच्या स्मरणार्थ होते, ते सर आम्हाला भूमिती शिकवीत. फळ्याच्या मधोमध ते उभी रेघ मारीत. डावीकडे ‘विधान’ आणि उजवीकडे ‘कारण’. डावीकडची ओळ बरोबर असली, पण उजवीकडची जागा रिकामी राहिली, तर सर गुण देत नसत. ‘पुढच्या ओळीला आधार कोणता?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न असे. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, त्याच्या मुळाशीही तोच प्रश्न आहे. अर्धवट राहिलेले शिक्षण पुन्हा सुरू करणाऱ्या माणसाला पुढच्या पायरीचा आधार कोण देतो, आणि तो कशाच्या बळावर?

माझी हकीकत थोडक्यात सांगते, कारण विषय तिच्यातूनच उगवला आहे. बारावीनंतर मी वाणिज्य शाखेत गेले. दुसरे वर्ष संपता संपता घरात वडिलांचे आजारपण आले, पाठोपाठ लग्न झाले आणि शिक्षण थांबले. १९९७ साली पतीच्या नोकरीनिमित्त मी कॅलिफोर्नियात गेले. कायम निवासाची कागदपत्रे हाती आली, तेव्हा २००० साल उजाडले होते आणि मी एकोणतीस वर्षांची होते. पदरी पदवी नव्हती. संगणकाच्या त्या मुलखात राहून संगणकशास्त्र शिकावे असे फार वाटे, परंतु एकाही विद्यापीठाच्या दारात मला उभे करील असा कागद माझ्यापाशी नव्हता. अशा वेळी घरापासून दोन मैलांवरच्या एका कम्युनिटी कॉलेजने मला प्रवेश दिला.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नसते. अमेरिकेतील पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो. त्यांपैकी पहिली दोन वर्षे जिथे अल्प शुल्कात शिकता येतात, अशी ही सार्वजनिक महाविद्यालये आहेत. तिथली दोन वर्षे पूर्ण करून विद्यार्थी विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जातो. यालाच तिथे ‘ट्रान्सफर’ म्हणतात. या परंपरेतील सर्वांत जुने सार्वजनिक महाविद्यालय इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये सुरू झाले. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटच्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राऊन यांच्या विचारांतून ते उभे राहिले. पहिल्या तुकडीत सहा विद्यार्थी होते. गावातल्या हायस्कूलमध्येच विद्यापीठाच्या पहिल्या दोन वर्षांच्या तोडीचा अभ्यास व्हावा आणि तो विद्यापीठाने मान्य करावा, अशी ती कल्पना होती. ‘मान्य करावा’ हे दोन शब्द कृपया ध्यानात ठेवावेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी मदत मिळू लागली आणि महाविद्यालयांत गर्दी लोटली. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा महाविद्यालयांचे जाळे देशभर पसरावे अशी शिफारस केली. कॅलिफोर्नियाने १९६० मध्ये त्याला रेखीव रूप दिले. क्लार्क कर यांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या त्या बृहद्योजनेत तीन मजले आखले होते. शालान्त विद्यार्थ्यांपैकी वरचे साडेबारा टक्के कॅलिफोर्निया विद्यापीठात, वरचे एकतृतीयांश राज्य महाविद्यालयांत, आणि ज्याला शिक्षणाचा लाभ होऊ शकेल असा कोणीही तळमजल्यावर, म्हणजे दोन वर्षांच्या महाविद्यालयांत. वरच्या दोन मजल्यांवर पहिल्या दोन वर्षांचे विद्यार्थी ४० टक्के आणि पुढच्या दोन वर्षांचे ६० टक्के असावेत, अशीही शिफारस होती. खालून येणाऱ्यांसाठी वर जागा राहावी, हा तिचा हेतू. एखादा वाडा बांधताना आधी जिन्याची जागा सोडावी, तसे हे होते.

आज त्या राज्यात अशी ११६ महाविद्यालये आहेत. मी शिकू लागले तेव्हा शुल्क एका युनिटला ११ डॉलर होते. २०१२ पासून ते ४६ डॉलर आहे. आठवड्याला एक तास याप्रमाणे सत्रभर चालणारे अध्यापन म्हणजे ढोबळमानाने एक युनिट, आणि अशी साठ युनिटे म्हणजे दोन वर्षे. चार युनिटांच्या विषयाचे शुल्क ४४ डॉलर, आणि त्याच विषयाचे पुस्तक त्याहून महाग, असा उलटा व्यवहार मी पाहिला.

वर्ग संध्याकाळी साडेसहाला भरे. शेजारच्या बाकांवर अठरा वर्षांची मुले असत, निवृत्त सैनिक असे, दोन लेकरांची आई असे. २००० च्या वसंतात इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटू लागला आणि पुढच्या वर्षी नोकरी गमावलेले अभियंतेही येऊन बसू लागले. कोणाचेही पूर्वायुष्य कोणी विचारीत नव्हते. प्राध्यापकांकडून संशोधनाची अपेक्षा नसे; शिकवणे हेच त्यांचे काम होते आणि ते त्यांनी निष्ठेने केले. प्रथम सी-प्लस-प्लस भाषेतील प्रोग्रामिंग, मग डेटा स्ट्रक्चर्स, यंत्राच्या अगदी जवळची असेंब्ली भाषा, कलनशास्त्राची तीन सत्रे, रेषीय बीजगणित, डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स आणि कलनावर आधारलेले भौतिकशास्त्र, असा तो क्रम होता. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सच्या तासाला सिद्धता लिहिण्याची वेळ आली, तेव्हा वर्गातील पुष्कळांना घाम फुटला. मी कागदावर उभी रेघ मारली आणि विधान-कारण लिहू लागले. मराठी माध्यमात शिकल्याने इंग्रजी अडखळत होते. सिद्धता अडखळली नाही.

याच अभ्यासातील एक साधी गोष्ट सांगते. संगणकाच्या स्मृतीत माहिती साठवण्याची ‘लिंक्ड लिस्ट’ नावाची एक रचना असते. तिच्यातील प्रत्येक घर आपल्यापाशी एक माहिती ठेवते आणि पुढच्या घराचा पत्ता ठेवते. घरे एकमेकांशेजारी असण्याची गरज नसते. पत्ता बरोबर असला की पुरते. परंतु मधल्या एका घरातील पत्ता पुसला गेला, तर पुढची सारी घरे हरवतात. ती नाहीशी झालेली नसतात, स्मृतीत जागच्या जागी असतात. फक्त तिथवर जाण्याचा मार्ग उरत नाही.

माझ्या वर्गात मोटारदुरुस्तीच्या गॅरेजात काम करणारा एक तरुण होता. त्याच्याइतके नेटके प्रोग्राम आमच्यात कोणी लिहीत नसे. पण प्रवेशाच्या वेळच्या चाचणीत त्याला गणिताच्या अगदी खालच्या पायरीवर बसवले गेले. कलनशास्त्रापर्यंत पोहोचण्यातच त्याची दोन वर्षे गेली. मग कलनाचा दुसरा भाग संध्याकाळी भरेना. दिवसा शिकायचे तर नोकरी सोडावी लागणार, आणि नोकरी सोडावी तर घर चालणार नाही. एका सत्रानंतर तो दिसेनासा झाला. त्याची बुद्धी आणि त्याची विद्या कुठेही गेली नव्हती. साखळीतला एक पत्ता तेवढा तुटला होता.

हे एकट्याचे दुर्दैव म्हणून सोडून देता येत नाही. अमेरिकाभर पाहिले तर कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के विद्यार्थी पदवीची इच्छा बाळगून येतात, आणि सहा वर्षांत ती मिळवणाऱ्यांचे प्रमाण साधारण सहात एक एवढेच भरते. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० मध्येच, सॅन होजे येथील अशाच महाविद्यालयाच्या अभ्यासावरून, एक कटू निरीक्षण मांडले होते. उघड्या दाराने आत आलेल्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या आकांक्षा तिथे सल्ल्या-समुपदेशनातून हळूहळू ‘थंड’ केल्या जातात. नकार कोणी देत नाही, धाकटे ध्येय पुढे ठेवले जाते. बृहद्योजना आणि तिच्यावरची ही टीका एकाच वर्षी यावी, हा विलक्षण योग म्हणावा लागेल.

तो अनुभव मलाही आला. पहिल्याच वर्षी एका समुपदेशिकेने मोठ्या मायेने मला सुचवले की, या वयात इतके गणित करण्यापेक्षा मी कार्यालयीन संगणक-कामाचे छोटे प्रमाणपत्र घ्यावे; सहा महिन्यांत कामाला लागता येईल. तिच्या मनात दुष्टावा नव्हता. तिच्यासमोर तिशीची, परक्या उच्चाराची, पदवी नसलेली एक गृहिणी होती. मी आभार मानले आणि कलनशास्त्राच्या वर्गात नाव घातले. त्या क्षणी मला तारले ते धाडसाने, असे आपण म्हणाल. पण मला तारले एका कागदाने, असे माझे मत आहे.

तो कागद म्हणजे महाविद्यालय आणि विद्यापीठ यांच्यातील विषयवार करार. इथला अमुक विषय म्हणजे तिथला तमुक विषय, असे त्यात एकेका ओळीत लिहिलेले असते. कॅलिफोर्नियात १९८० च्या दशकापासून असे करार ‘असिस्ट’ नावाच्या सार्वजनिक संग्रहात एकत्र ठेवले जातात आणि ते कोणालाही पाहता येतात. मी तो कागद छापून स्वयंपाकघरात शीतकपाटावर चिकटवला होता. डावीकडे माझ्या महाविद्यालयाचे विषय, उजवीकडे विद्यापीठाचे. मध्ये उभी रेघ. विधान आणि कारण! समुपदेशिकेचा सल्ला हे तिचे मत होते, आणि हा कागद ही दोन संस्थांनी दिलेली जबान होती. २००३ मध्ये मी त्याच आधारावर विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात गेले आणि २००६ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, पदवीधर झाले.

वर गेल्यावर सारे सुरळीत झाले असे नाही. जॉन हिल्स या अभ्यासकाने १९६५ मध्ये ‘ट्रान्सफर शॉक’ हा शब्द वापरला. नव्या संस्थेत आल्यावर पहिल्या सत्रात गुण घसरतात, त्याला उद्देशून. ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या पहिल्या परीक्षेत तो धक्का मलाही बसला. वर्ग मोठे, गती दुप्पट, आणि इतरांची दोन वर्षांची जुनी मैत्री. आपण मात्र पाहुणे. दुसऱ्या सत्रात गाडी रुळावर आली. पाया कच्चा असता तर ती आली नसती, एवढे मात्र खरे.

स्टीव्ह वॉझनियॅक यांचे नाव आपण ऐकले असेल. ॲपल संगणकाचे हे जनक कोलोरॅडोतील पहिल्या वर्षानंतर क्युपर्टिनोच्या दि आन्झा कम्युनिटी कॉलेजात शिकले आणि तेथून बर्कलीला गेले. त्यांचेही शिक्षण मध्ये थांबले. कंपनी उभी करून जगभर नाव झाल्यावर ते टोपणनावाने पुन्हा बर्कलीत दाखल झाले आणि १९८६ मध्ये त्यांनी पदवी पूर्ण केली. अर्धवट राहिलेले शिक्षण हा बुद्धीचा कमीपणा नसतो, याला याहून मोठा दाखला नको.

कॅलिफोर्नियाने पुढे काही दुरुस्त्या केल्या. २०१० च्या कायद्याने ठरावीक साठ युनिटे पूर्ण करणाऱ्याला राज्य विद्यापीठाच्या व्यवस्थेत जागेची हमी मिळाली. २०१७ च्या कायद्याने चाचणीच्या जोरावर विद्यार्थ्यांना खालच्या गणितात वर्षानुवर्षे अडकवून ठेवण्याला आळा घातला. माझ्या त्या सहाध्यायाला हे दोन्ही कायदे उशिराचे ठरले.

आता आपल्या गावाकडे वळते. दार उघडे ठेवण्याची गोष्ट वडोद्याला कोणी परदेशातून येऊन शिकवावी असे नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सर्व संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहून त्यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला इथे बोलावले आणि खेड्यापाड्यांपर्यंत पुस्तके पोहोचवणारी व्यवस्था उभी केली. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आपल्यापैकी अनेकांचे बालपण गेले आहे. दार उघडणे आपल्याला येते. जिना जोडण्याचे काम मात्र अजून बरेच बाकी आहे.

आपल्याकडे पदविकाधारकाला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळतो, ही जुनी आणि चांगली सोय आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षण मध्येच थांबवून पुन्हा सुरू करण्याची मुभा मानली, आणि २०२१ पासून ‘श्रेयांक पेढी’ सुरू झाली. पण पेढीत पैसे जमा असणे वेगळे आणि ते दुकानदाराने स्वीकारणे वेगळे. कोणत्या महाविद्यालयातील कोणता विषय कुठे धरला जाईल, हे विद्यार्थ्याला प्रवेशाआधी, लेखी, एका कागदावर वाचता आले पाहिजे. नाही तर उघडे दार ही नुसती सभ्यता ठरते.

माजी विद्यार्थ्यांपाशी माझे एक मागणे आहे. आपल्या प्रत्येकाच्या कुटुंबात शिक्षण अर्ध्यावर सुटलेली एखादी सून, भाची, धाकटा भाऊ असतो. त्यांना उपदेश करू नका. त्यांच्या जुन्या गुणपत्रिका शोधून काढा, त्यांच्यासोबत विद्यापीठाच्या खिडकीशी जा, आणि यातले काय मोजले जाईल ते लेखी मागा. शाळेने या कामासाठी आठवड्यातून एक संध्याकाळ आणि एक टेबल दिले, तर मी इथे असेन तेव्हा त्या टेबलाशी आनंदाने बसेन. सरांच्या स्मृतीला याहून योग्य आदरांजली मला सुचत नाही.