रोग्याचा कागद

काशीच्या ब्रह्माघाटावर आमची एक मावशी राहते. लग्न होऊन ती त्या गल्लीत गेली त्याला पन्नासावर वर्षे झाली. दुर्गाघाट आणि पंचगंगा यांच्या शेजारच्या या वस्तीत मराठी घरे अनेक पिढ्या नांदत आली आहेत. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी असा तेथला रिवाज. इंग्रजीशी मावशीचा खरा संबंध आला तो सत्तरी उलटल्यावर, आणि तोही दवाखान्याच्या वाटेने.

पायांवर सूज आली म्हणून तिची तपासणी झाली. दोन कागद हाती आले. एक सोनोग्राफीचा, दुसरा रक्ताचा. नातवाने पहिला कागद वाचला. डाव्या मूत्रपिंडात ‘सिस्ट’ आहे असे त्यात होते. कोशात पाहिले, तो अर्थ निघाला गाठ! मावशी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र कोणते भांडे कोणाला द्यावयाचे हे ती सांगू लागली. सारे घर हादरले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “मरणाला भिऊन काशीत कोण राहतो रे? पण मला काय झाले आहे, ते माझ्या भाषेत कोणी सांगाल की नाही?”

डॉक्टरांची भेट चार दिवसांनी व्हावयाची होती. तेव्हा नातवाने हल्लीच्या मुलांप्रमाणे कागदाचे छायाचित्र काढून कृत्रिम बुद्धीच्या यंत्रापुढे ठेवले. हे यंत्र काही वैद्यकी शिकलेले नसते. अफाट मजकूर वाचवून त्याला प्रामुख्याने हे शिकविलेले असते की, या शब्दांमागून कोणता शब्द येणे संभवनीय आहे. तेवढ्यावर ते आश्चर्य वाटावे इतके शहाणे बोलते. त्या मजकुरात इंग्रजीचा वाटा मोठा आणि मराठीचा फार थोडा, हे मात्र विसरून चालत नाही. पहिल्या उत्तरात यंत्रानेही ‘साधी गाठ’ असेच लिहिले.

दोष एकट्या यंत्राचा म्हणता येणार नाही. आपल्या मराठीत दोऱ्याची गाठ, मित्राची गाठ आणि शरीरातली गाठ असे तिन्ही एकाच शब्दात बांधलेले. आणि दवाखान्यात हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात कर्करोगावाचून दुसरे काही येत नाही. नातवाने पुन्हा विचारले, “आजीला समजेल असे सांग, ही गाठ कसली?” त्यावर उत्तर आले की, ही पातळ भिंतीची, पाण्याने भरलेली पिशवी आहे, उतारवयात ती पुष्कळांना होते आणि साध्या पिशवीला बहुधा उपचार लागत नाहीत. मावशी त्या रात्री पोटभर जेवली.

दुसरा कागद राहिला होता. त्यात क्रिएटिनिन 1.6 होते आणि पुढे एक तारा छापला होता. या ताऱ्यांविषयी थोडे सांगतो. निरोगी माणसांपैकी मधल्या शेकडा 95 जणांचे आकडे ज्या मर्यादांत बसतात, त्या बहुधा ‘सामान्य’ मानल्या जातात. म्हणजे निरोगी माणसांतही विसात एकाला तारा मिळणारच. आणि वीस निरनिराळ्या तपासण्या केल्या तर धडधाकट माणसाच्या कागदावरही एखादा तारा उमटण्याचा संभव निम्म्याहून अधिक. यंत्राने “किंचित वाढलेले आहे, डॉक्टरांना दाखवा” एवढे सांगितले. घरच्यांनी तो तारा तसाच सोडून दिला.

डॉक्टरांनी मात्र कागदाआधी मावशीचे मनगट पाहिले. क्रिएटिनिन स्नायूंतून निघते. आखाड्यातल्या पहिलवानाला जो आकडा शोभेल, तोच कृश वृद्धेच्या कागदावर आला तर मूत्रपिंडाचे काम बरेच घटले आहे असा त्याचा अर्थ. शिवाय निम्मेअधिक काम मंदावेपर्यंत हा आकडा फारसा हलतच नाही. त्यांनी विचारले, “आजी, गुडघ्यांसाठी काय घेता?” आठ महिने ती औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून रोज घेत होती! हे ना कागदावर होते, ना कोणी यंत्राला सांगितले होते. पुढे नातवाने ते सांगून पाहिले, तेव्हा यंत्राने तत्काळ त्याच गोळ्यांवर बोट ठेवले. ज्या शब्दाने घर हादरले तो निरुपद्रवी निघाला, आणि ज्या आकड्याकडे कोणी पाहिले नाही तो खरा होता.

ही यंत्रे 2022 च्या नोव्हेंबरात सर्वसामान्यांच्या हाती आली. लगेच म्युनिक येथील क्ष-किरणतज्ज्ञांनी त्यांच्याकडून तपासणीचे अहवाल सोपे करवून घेतले आणि पंधरा डॉक्टरांपुढे ठेवले. बहुतेकांनी ते बरोबर व पुरेसे ठरविले. पण काही ठिकाणी चुकीची विधाने आढळली, तर काही ठिकाणी महत्त्वाची गोष्टच गळून गेली होती.

हे वाचताना मला नाथांची आठवण झाली. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली मराठी टीका काशीतच 1573 साली पुरी केली. ती प्राकृतात म्हणून तेथील पंडितांनी आक्षेप घेतला आणि पुढे त्याच नगरीत ग्रंथाची मिरवणूक निघाली, असे परंपरा सांगते. मूळ श्लोक तेराशेंच्या वर, ओव्या मात्र अठरा हजारांहून अधिक! सोपे करणे म्हणजे आखूड करणे अशी समजूत नाथांची नव्हती. यंत्राची मात्र पुष्कळदा तीच असते. मोठा कागद दिला की चार ओळी हाती देते, आणि गळालेली पाचवी ओळ आपल्याला दिसतच नाही.

मावशीच्या गोळ्या बंद झाल्या. दोन महिन्यांनी आकडा 1.2 वर आला, सूजही ओसरली. आता नवा कागद आला की नातू प्रथम नाव आणि दूरध्वनीचा क्रमांक असलेली पट्टी दुमडतो आणि मग छायाचित्र घेतो. डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न तो यंत्राकडून मराठीत लिहवून घेतो. मावशी ती यादी चष्मा लावून वाचते, आणि दर वेळी पहिला प्रश्न ती नातवालाच करते, “अरे, त्याला माझे गुडघे सांगितलेस का?”