कोरिंथियन्सची लोकशाही आणि सोक्रातेस



खेळाडूने खेळावे, राज्यकारभाराची चर्चा करू नये, असा उपदेश सत्ताधारी नेहमीच करीत आले आहेत. ते स्वतः मात्र खेळाचा उपयोग करून घेण्यात कधी कसूर करीत नाहीत. ब्राझीलमध्ये 1964 ते 1985 पर्यंत लष्करी राजवट होती. 1970 चा विश्वचषक देशाने जिंकला, तेव्हा त्या विजयाचे श्रेय या राजवटीने आपल्या पदरात पाडून घेतले. पुढे त्याच खेळातून त्याच राजवटीला आव्हान मिळाले. ते देणाऱ्यांत सोक्रातेस अग्रभागी होता.

सोक्रातेसचा जन्म 1954 साली बेलें येथे झाला. तो वाढला साओ पावलो राज्यातील रिबेराव प्रेतो या शहरात. वडिलांना ग्रीक तत्त्ववेत्त्यांचे वेड. मुलाचे नाव त्यातूनच आले. लष्करी उठावानंतर याच वडिलांना बोल्शेविकांविषयीचे पुस्तक जाळताना दहा वर्षांच्या सोक्रातेसने पाहिले. पुढे वैद्यकीचे शिक्षण घेत असताना तो तेथील बोताफोगो क्लबकडून खेळला आणि डॉक्टर होऊन 1978 साली कोरिंथियन्समध्ये दाखल झाला. साओ पावलो शहरातील हा क्लब 1910 साली कामगारांनी स्थापन केलेला.

त्या काळी ब्राझीलमधील व्यावसायिक खेळाडूची अवस्था वेठबिगाराहून फारशी निराळी नव्हती. करार संपला तरी त्याच्यावरील हक्क क्लबकडेच राही. क्लबने मोकळे केल्यावाचून त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. सामन्यापूर्वी बायकामुले असलेल्या खेळाडूंनाही हॉटेलात डांबून ठेवण्याची प्रथा होती.

1982 च्या सुमारास कोरिंथियन्समध्ये ही घडी मोडली. फुटबॉल विभागाची सूत्रे आदिल्सन मोंतेरो आल्व्हेस या समाजशास्त्रज्ञाकडे आली होती. सोक्रातेस, व्लादिमीर, काझाग्रांदे आदी खेळाडूंनी त्याच्या साथीने प्रत्येक प्रश्न मतास टाकण्यास प्रारंभ केला. सराव केव्हा करावा, प्रवासात बस कोठे थांबवावी, संघात कोणाला घ्यावे, हे सारे मतदानाने ठरू लागले. कर्णधाराला एक मत आणि खेळाडूंचे कपडे सांभाळणाऱ्यालाही एकच मत. हॉटेलातील सक्तीचा मुक्कामही असाच गेला. शिस्त बिघडेल, अशी ओरड झाली. पण 1982 आणि 1983 या दोन्ही वर्षी राज्याचे विजेतेपद याच संघाने पटकावले. 1982 च्या नोव्हेंबरात निवडणुका झाल्या, तेव्हा 15 तारखेला मतदान करा, हा संदेश खेळाडूंच्या पाठीवर झळकत होता.

1984 साली राष्ट्राध्यक्षाची निवड थेट जनतेने करावी, या मागणीसाठी देशभर प्रचंड आंदोलन झाले. इटलीतून सोक्रातेसला मागणी आली होती. घटनादुरुस्ती संमत झाली तर आपण देश सोडणार नाही, असे त्याने एप्रिलमध्ये साओ पावलोच्या विराट सभेत जाहीर केले. 25 एप्रिलला दुरुस्तीच्या बाजूने 298 मते पडली. हवी होती 320. केवळ 22 मतांनी जनतेची मागणी फेटाळली गेली आणि सोक्रातेस फ्लॉरेन्सच्या फिओरेन्तिना क्लबात गेला. तेथे त्याचे मन रमले नाही. एका मोसमानंतर तो मायदेशी परतला आणि पुढे फ्लामेंगो व सांतोस या क्लबांकडून खेळला.

इकडे 1985 साली कोरिंथियन्सच्या निवडणुकीत आल्व्हेसचा पराभव झाला आणि तो प्रयोग संपला. येथे कार्यकर्त्यांनी थांबून विचार करावा. मताचा हक्क प्रत्येकाला मिळाला होता. पण त्याचे रक्षण काही थोड्या व्यक्तींच्या उपस्थितीवर अवलंबून होते. त्या व्यक्ती गेल्या आणि हक्काला आधार उरला नाही. करार संपल्यावरही खेळाडूला बांधून ठेवणारी पद्धत रद्द करणारा, पेलेच्या नावाने ओळखला जाणारा कायदा 1998 साली झाला. असा कायदा माणसे बदलली तरी टिकतो.

म्हणून प्रयोग व्यर्थ गेला, असे मात्र म्हणता येणार नाही. राष्ट्राध्यक्ष निवडण्याचा हक्क ब्राझीलच्या जनतेने 1989 साली प्रत्यक्ष बजावला. सोक्रातेस 4 डिसेंबर 2011 रोजी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी निवर्तला. मद्याने त्याचे शरीर पोखरले होते. त्याचा देव्हारा करण्याचे कारण नाही. त्याच दिवशी कोरिंथियन्स राष्ट्रीय विजेता ठरला. सामन्यापूर्वी खेळाडूंनी त्याच्याचप्रमाणे मूठ उंचावून त्याला मानवंदना दिली. देशाची लोकशाही मागण्याआधी ती आपल्या कामाच्या जागी आचरून पाहावी लागते, एवढे त्याने दाखवून दिले. आचरलेले टिकवायचे, तर त्यामागे संघटना उभी करावी लागते. ते काम त्याच्या हातून अपुरे राहिले.