रामजोशी, दादा आणि मी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला 'काहीतरी गाण्याबद्दल बोल' असं सांगितलंय. 'गा' असं कोणी म्हटलं नाही, यावरून माझ्या आवाजाची आठवण अजून ताजी आहे असं दिसतं.

आठवीच्या स्नेहसंमेलनात मी रामजोशीचं ते 'हटातटाने' म्हटलं होतं. जटा वाढवून, कपडे रंगवून साधू झालेल्यांना झोडपणारं पद. पद बसवताना बाईंनी त्याची गोष्ट सांगितली होती. हा आपल्या सोलापूरचा माणूस, जन्म १७६२ च्या सुमाराचा. घराणं जोशीपणाचं, पुराणिकाचं. मुलाला तमाशाचा नाद लागला, थोरल्या भावाने, मुद्गलने, घराबाहेर काढलं. मग पंढरपुरात संस्कृताचा अभ्यास, मग कीर्तन, बारामतीच्या मोरोपंतांची शाबासकी. म्हणजे हे पद त्याच्या पश्चात्तापाचं, असं बाई म्हणाल्या, आणि मी ते तसंच धरून बसलो.

पुढे मी मराठीचा शिक्षक झालो आणि तीस वर्षं हीच गोष्ट वर्गात सांगत आलो. खरं सांगतो, मुद्गलला मी जरा जास्तच रंगवायचो. त्याला कारण होतं. माझा दादा नवी पेठेत कापडाच्या दुकानात कामाला होता. मी गणपतीच्या मेळ्यात गायला लागलो तेव्हा त्याने माझी पेटी विकली, आणि मी त्याच्याशी बोलणं टाकलं. वर्गात मी बोलायचो मुद्गलवर, मनात असायचा दादा.

शिकवता शिकवताच शंका येऊ लागली होती. लावणीतला 'मी' बहुतेकदा बाई असते. ती विरह सांगते, रुसते, शृंगार करते, आणि लिहिणारा असतो कीर्तनकार जोशी. तिथे आपण म्हणत नाही की ही त्याची आपबीती. मग वैराग्याच्या पदात आला की तोच 'मी' एकदम खरा कसा होतो? आणि त्या पदात तर 'मी' नाहीच, 'तू' आहे. शिवाय जी पदं आपण शाळेत म्हटली त्यांत भाऊही नाही. भाऊ आहे तो गोष्टीत. १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी'त जयराम शिलेदारांना पाहिलं, की पडद्यावरचाच रामजोशी खरा वाटायला लागतो.

मला विचाराल तर रामजोशी सापडतो तो भलतीकडेच. एका लावणीत संस्कृत, मराठी, कानडी अशा भाषा एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून चालतात. हे पुण्याच्या माणसाला सुचलं नसतं. आपल्या गल्लीत भाजीचा भाव कानडीत, भांडण मराठीत आणि मंत्र संस्कृतात, असंच चालायचं की नाही? स्वतःबद्दल एक अक्षर न लिहिता त्याने आपला पत्ता देऊन ठेवलाय.

असो. चार वर्षांपूर्वी दादाच्या नातवाला मी हीच गोष्ट सांगितली. पोरगं थेट दादाकडे गेलं, "आजोबा, तुम्ही पण यांना हाकललं होतं का?" दादा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पेटी मी नाही रे विकली. तुझ्या कॉलेजची फी भरायला अण्णांनी विकली. मी नुसती डोक्यावरून नेऊन दिली. अण्णांनी सांगितलं, तुझं नाव सांग, माझ्यावर रुसला तर शिकायचा नाही."

मी पेटी नेताना पाहिलं होतं, तेवढंच. बाकीचं माझं मीच लावलं होतं.

दादाही याच शाळेचा. तिसऱ्या रांगेत बसलाय, त्याला विचारूनच हे सांगितलं. 'पद म्हणणार असशील तर मात्र मी बाहेर चहाला जातो,' एवढी एकच अट त्याने घातली आहे.

तर दादा, जा आता.