कच्चे हात, पक्के हात आणि हार्पचा मेळ



युनियनचा माणूस संगीतावर काय बोलणार, ही शंका काही चेहऱ्यांवर मला दिसते आहे. ती रास्तच आहे. माझे संगीताचे शिक्षण भजनी मंडळातल्या टाळांपलीकडे गेलेले नाही. पुढचे जे काही आहे ते वाचनालयातल्या पुस्तकांचे आणि ध्वनिमुद्रिकांचे. पण आजचा विषय पुष्कळसा माझ्याच धंद्यातला आहे. दहा माणसे एका कामाला लावायची; त्यांतली दोन तरबेज, चार बरी, चार कालपरवा भरती झालेली. काम मात्र एकच, आणि ते चांगलेच व्हायला हवे. हार्पवादकांच्या मेळात हा प्रश्न कसा सोडवतात, ते पाहण्यासारखे आहे.

हार्प म्हणजे चौकटीत ताणलेल्या तारांचे वाद्य. एका तारेला एक स्वर. आपल्याला ते अगदीच परके नाही. समुद्रगुप्ताच्या नाण्यावर राजा जी वीणा घेऊन बसला आहे ती धनुष्याकृती, म्हणजे हार्पच्याच कुळातली. ब्रह्मदेशात त्या कुळातले ‘सौंग’ अजून वाजते. युरोपातल्या मोठ्या हार्पला 47 तारा आणि पायाशी 7 पट्ट्या असतात. सेबास्तियन एरार या कारागिराने 1810 साली या पट्ट्यांची जी रचना पक्की केली, तीच मुख्यतः आजही चालते. एक पट्टी दाबली की त्या नावाच्या सगळ्या तारा एकदम अर्धा स्वर चढतात. लहान हार्पला अशा पट्ट्या नसतात. तारेच्या डोक्याशी खटका असतो, तो हाताने फिरवायचा. फिरवेपर्यंत तो हात वाजवायला मोकळा नसतो. म्हणून मेळासाठी लिहिणारा शहाणा माणूस मधेच बदलणारे कोमल-तीव्र स्वर मोठ्या हार्पवर टाकतो आणि लहान हार्पला एकाच सप्तकात सुखाने नांदू देतो. तारा ओळखू याव्यात म्हणून, पांढरी एकला षड्ज धरला तर, षड्जाच्या तारा लाल आणि मध्यमाच्या काळ्या असतात. नव्या माणसाची तेवढीच खूण.

या वाद्याचा एक मोठा गुण असा, की पहिल्याच दिवशी तार छेडली तरी निघालेला सूर बरा असतो. व्हायोलिन शिकणाऱ्याच्या शेजाऱ्यांना विचारा, म्हणजे या गुणाची किंमत कळेल! त्यामुळे नवशिक्याला पहिल्या महिन्यातच मेळात बसवता येते.

आता एक खरे उदाहरण घेऊ. योहान पाखेलबेल नावाचा जर्मन संगीतकार 1653 ते 1706 या काळात होऊन गेला. त्याचा एक कॅनन आहे, तीन व्हायोलिने आणि खर्जाचे एक वाद्य यांच्यासाठी लिहिलेला. हार्पचे मेळही तो आपल्या वाद्यांवर बसवून वाजवतात. खर्जात फक्त 8 स्वर आहेत आणि ते 28 वेळा फिरून येतात. वरची तिन्ही वाद्ये एकच चाल वाजवतात, पण एकामागून एक, आठ स्वरांच्या एकेका फेऱ्याइतक्या अंतराने. ती चाल सावकाश सुरू होते आणि पुढे बोटांची परीक्षा पाहते. म्हणजे खालचा भाग नवशिक्याला जमेल, वरचा तयार हातालाच जमेल, आणि खालचा काढून घेतला तर वरचा अधांतरी राहील. मला महत्त्वाचे वाटते ते हे शेवटचे. मुलाला रडू नये म्हणून रिकामी पाटी द्यावी, तसे काही भाग लिहिलेले असतात; तो वाजला काय अन् न वाजला काय, ऐकणाऱ्याला पत्ता नाही. नवशिक्याला तो फरक कळतो. कामगाराला कळतो तसाच कळतो.

शिवाय, ‘सोपा’ हा शब्द जपून वापरावा. छेडलेल्या तारेचा आवाज एका क्षणात फुटतो. दहा हार्पांनी तो क्षण किंचित मागेपुढे घेतला, तर वाळू सांडल्यासारखे ऐकू येते. लपायला जागा नाही. आणि तार आपण होऊन लवकर थांबत नाही. नको तेथे रेंगाळली तर पुढचा स्वर गढूळ करते. म्हणून वेळेवर तळवा ठेवून ती मिटवावी लागते. ज्याच्या वाट्याला आठच स्वर आले, त्याला मोजणे आणि मिटवणे ही दोन कामे तरबेज वादकाइतकीच चोख करावी लागतात.

आता तुम्ही म्हणाल, तेच आठ स्वर 28 वेळा, ही तर कारखान्यातली पाळीच झाली! तक्रार खरी आहे. मूळ रचनेत खर्ज वाजवणारे चेलोवादकही ती करतात. माझ्या मते तिच्यावर उपाय एकच, पाळी बदलण्याचा. तालमीत अधूनमधून सर्वांत तयार माणसाने खर्ज धरावा आणि नव्याने वरच्या चालीची सावकाश सुरुवात वाजवून पाहावी. यावर एका जाणत्या गृहस्थांनी मला सुनावले, की याने तयार माणसाचा वेळ फुकट जातो. मला तसे वाटत नाही. खर्ज हलला की वर काय होते, हे त्याला खाली बसल्यावाचून कळत नाही. मात्र चांगल्या वादकाला वर्षभर सोप्यातच कोंडून ठेवणे हाही अन्याय आहे, आणि समतेच्या नावाखाली तो होतो, हेही मान्य केले पाहिजे.

आयर्लंडचा इतिहास येथे आठवतो. तिकडे अंध मुलांना हार्प शिकवून पोटाला लावण्याची चाल होती. टर्लो ओकॅरोलन (1670–1738) देवीच्या रोगाने अठराव्या वर्षी आंधळा झाला, मग हार्प शिकला. उशीर झाल्याने त्याचा हात फारसा तयार झाला नाही असे म्हणतात. पण चाली त्याने अशा बांधल्या की त्या आजही वाजतात. 1792 साली बेलफास्टला जुन्या हार्पवाल्यांचा मेळावा भरला, तेव्हा त्यांत अनेक अंध होते. एडवर्ड बंटिंग या 19 वर्षांच्या तरुणाला त्यांच्या चाली टिपून घेण्यासाठी नेमले होते. पुढे 1808 साली तेथल्या हार्प सोसायटीने अंध मुलांसाठी वर्ग काढला. शिक्षक आर्थर ओनील स्वतः अंध होता. वर्ग देणग्यांवर चालत होता. देणग्या आटल्या आणि 1813 साली तो बंद पडला. मुले नालायक ठरली म्हणून नव्हे. वर्गणीदारांचा उत्साह ओसरला की काय होते, हे आमच्या संघटनेच्या खजिनदारांना मी निराळे सांगायला नको.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. 34 तारांच्या दहा हार्प म्हणजे 340 तारा, आणि हवा बदलली की तारा उतरतात. सूर लावण्यात तालमीचा चांगलाच वेळ जातो. ते काम नव्यांवर लोटू नये, जुन्यांनी त्यांना शेजारी बसवून करावे. कान तेथेच तयार होतो. हा वेळ कामाच्या तासांत धरायचा की नाही, हा वाद तूर्त बाजूला ठेवतो.

आता यंत्रावर तो कॅनन लावायला सांगतो. पाचसहा मिनिटांचा आहे. वरच्या चालीकडे कान आपोआप जाईल. पहिले काही फेरे तरी खालचे आठ स्वर मोजून पाहा.