जोड धरतो कसा



पेरणीचे दिवस जवळ आले की मराठवाड्यातल्या गावांच्या कडेला घिसाड्यांची पालं पडत. भाता, ऐरण, दोन घण, कोळशाचं पोतं, एवढाच संसार. घरधनी सांडशीत लोखंड धरी आणि घण घाली ती त्याची बायको, कधी पाठीशी तान्हं बांधून. पाभरीचे फाळ, कोळप्याच्या पासा, विळे, कुऱ्हाडी यांच्यासोबत एक मोठं काम त्यांच्याकडे किंवा गावच्या लोहाराकडे येई, बैलगाडीच्या चाकाची धाव. धाव म्हणजे लाकडी चाकाभोवती बसवलेलं लोखंडी कडं.

आधी चाकाचा घेर मोजायचा. पट्टी त्याहून किंचित आखूड घ्यायची, वाकवून तिचं कडं करायचं आणि दोन्ही टोकं ठोकून तिरपी करायची. मग ती टोकं भट्टीत जात. लोखंड आधी लाल होई, मग नारिंगी, मग पिवळं. ते पांढरं होऊन त्यातून ठिणग्या सुटायला लागल्या की लोहार त्यावर मूठभर वाळू टाकी. टोक टोकावर चढवायचं आणि घण. पहिले चार-सहा घाव काय ते महत्त्वाचे. तेवढ्यात जोड बसला नाही तर लोखंड निवतं आणि पुन्हा भट्टी पेटवावी लागते. जोडलेलं कडं मग गोवऱ्यांच्या जाळात तापवून फुगवायचं, चाकावर उतरवायचं आणि वरून घागरीनं पाणी ओतायचं. वाफेचा लोट उठे, लाकूड चरचरे आणि आकसलेली धाव आरे-पुठ्ठे असे आवळून धरी की पुढं कैक वर्षं चाक हलत नसे.

या सगळ्यात वाळूचं काय काम होतं? धातूच्या जोडकामाचा अख्खा इतिहास त्या मूठभर वाळूत आहे, असं म्हटलं तरी चालेल.

दोन धातूंचे अगदी स्वच्छ पृष्ठभाग एकमेकांना पुरते भिडले तर ते जुळायला तयारच असतात. एका तुकड्याचा अणू आणि दुसऱ्याचा अणू यांत त्यांना काही फरक कळत नाही. आड येते ती हवा. हवेतला प्राणवायू धातूवर क्षणात पापुद्रा धरतो, आणि धातू जितका तापलेला तितका तो पापुद्रा जाड. लोखंडाच्या या पापुद्र्यात वाळू मिसळली की दोघांची मिळून पातळ मळी होते आणि घणाचा घाव पडताच ती सांध्यातून बाहेर उडते. मागं उरतं ते नितळ लोखंडावर नितळ लोखंड. लोहारानं रसायनशास्त्र वाचलेलं नव्हतं, पण वाळू कधी टाकायची आणि कोणत्या रंगाला टाकायची, हे त्याच्या डोळ्याला पक्कं ठाऊक होतं.

हीच गोष्ट सराफ्यातल्या सोनाराची. मंगळसूत्राची वाटी असो की नथीची तार, तो सांध्यावर आधी टाकणखार लावतो. टाकणखार वितळून काचेसारखा पसरतो, पापुद्रा खातो आणि हवेला झाकण घालतो. मग फुंकणीच्या ज्योतीनं डाख वितळते आणि सांध्यात आपोआप ओढली जाते. डाख म्हणजे दागिन्याच्या सोन्याहून कमी उष्णतेला वितळणारा मिश्रधातू. भांड्याला कथलाची डाख देणारा कारागीर टाकणखाराच्या जागी नवसागर वापरतो. डाखेच्या कामात मूळ धातू वितळत नाही आणि आजच्या वेल्डिंगमध्ये बहुधा वितळतो, हा फरक. पुस्तकी मराठीत वेल्डिंगला ‘वितळजोडकाम’ असा नेमका शब्द आहे. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्यातल्या शेडमध्ये मात्र ‘वेल्डिंग मारणे’ हेच चालतं. आणि मुख्य जोडाआधी तुकडे जागेवर धरून ठेवायला जो छोटा ठिपका मारतात त्याला म्हणतात ‘टाका’. शिंप्याचाच शब्द, आणि कामही तेच.

दौलताबादच्या किल्ल्यावर गेलेल्या प्रत्येकानं मेंढा तोफ पाहिलेली असते, मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं असलेली. ती कांशाची, ओतीव आहे. साच्यात रस ओतला आणि तोफ झाली. पण लोखंडाचा रस करून एवढं मोठं ओतकाम करणं त्या काळी आपल्याकडे जमत नव्हतं. मग लोखंडी तोफ करायची कशी? त्याचं उत्तर तंजावरला आहे. पुढं भोसल्यांची राजधानी झालेल्या या शहरात नायक राजांच्या काळातली, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातली, वीस टनांहून जड लोखंडी तोफ आहे. आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी तिचा बारकाईनं अभ्यास केला. लोखंडाच्या लांब पट्ट्या उभ्या लावून नळी करायची, तिच्यावर तापलेली कडी एकापाठोपाठ एक चढवायची आणि ती निवताना आवळत गेली की घणानं सगळं एकजीव करायचं, अशी तिची घडण. बैलगाडीची धाव बसवण्याची रीतच तोफेच्या नळीवर पुन्हा पुन्हा वापरलेली. दिल्लीचा सहा टनांहून जड लोहस्तंभही असाच, लोखंडाचे गोळे एकावर एक ठोकून केलेला, आणि तो सोळाशे वर्षं उभा आहे. त्या कारागिरांची नावं कुठं कोरलेली नाहीत, याची खंत वाटते.

लोहाराच्या रीतीला मर्यादा होती. जे भट्टीत मावेल आणि ऐरणीवर येईल तेच जोडता येई. बॉयलर, पूल, जहाज यांना रिव्हेट ठोकण्यावाचून उपाय नव्हता. जागच्या जागी धातू वितळवणारी उष्णता विजेनं आणली. रशियात काम करणाऱ्या निकोलाय बेनार्दोस यांनी १८८० च्या दशकात कार्बनची कांडी आणि लोखंड यांच्यामध्ये विजेची कमान पेटवून जोड केला. १८८८ मध्ये निकोलाय स्लाव्यानोव यांनी कार्बनच्या जागी लोखंडाचीच कांडी घेतली. म्हणजे कमान पेटवणारीही तीच आणि वितळून सांध्यात भरणारीही तीच. कल्पना सुरेख होती, जोड मात्र ठिसूळ निघत. पाच-सहा हजार अंशांच्या त्या कमानीत वितळलेल्या थेंबाला हवा चारी बाजूंनी गाठत होती. वाळूची मूठ इथं कुणी टाकलेली नव्हती.

ती टाकली स्वीडनच्या ऑस्कर शेलबेर्ग यांनी. गॉथेनबर्गच्या बंदरात दुरुस्तीला येणाऱ्या जहाजांच्या बॉयलरचे रिव्हेटचे सांधे गळायचे आणि उघड्या कांडीचा जोड त्यांच्या पसंतीला उतरत नव्हता. १९०४ मध्ये त्यांनी एसॅब ही कंपनी काढली आणि पुढच्या काही वर्षांत कांडीवर खनिजांचा लेप देण्याची युक्ती पेटंट केली. लेप जळतो, त्याचा वायू थेंबाभोवती कडं करून हवेला बाहेर ठेवतो. उरलेल्या लेपाची मळी जोडावर पांघरूण घालते आणि जोड निवल्यावर हातोडीनं टकटक करून ती काढून टाकता येते. आज रस्त्याकडेच्या कुठल्याही दुकानात खिडकीचं ग्रिल, कूलरचा स्टँड, ट्रॅक्टरची ट्रॉली ज्या ‘रॉड’नं जोडली जाते तो हाच. भारतात असे रॉड बनवणारी अडवाणी-ओर्लिकॉन ही कंपनी मुंबईत १९५१ मध्ये उभी राहिली. लेपाऐवजी थेट वायूच सोडण्याच्या रीती नंतर आल्या. आर्गन वेल्डिंग १९४० च्या दशकातलं, कारखान्यांत सर्रास चालणारं सीओटू वेल्डिंग १९५० च्या दशकातलं.

रस्त्याकडेच्या त्या दुकानातल्या पोराकडे थोडं थांबून पाहायला हवं. एका हातात होल्डर, दुसऱ्या हातात फार तर एक काच, आणि पुष्कळदा तीही नाही. टाका मारताना तो नुसते डोळे मिटतो. विजेच्या कमानीतून निघणारे अतिनील किरण बुबुळावरचा नाजूक थर भाजून काढतात, पण दुखणं लगेच कळत नाही. ते रात्री कळतं. डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, पाण्याच्या धारा लागतात, दिव्याकडे बघवत नाही. मग बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून पोरगा रात्र काढतो आणि सकाळी पुन्हा कामावर. योग्य नंबरच्या काळ्या काचेचं शिरस्त्राण काही फार महाग नसतं. मालकानं ते द्यावं आणि कारागिरानं ते लावावं. उभं आयुष्य जो डोळ्यांच्या जोरावर जोड मारतो, त्याचेच डोळे असे खर्ची पडू नयेत.

वेल्डिंगवर जगाचा विश्वास बसला तो दुसऱ्या महायुद्धात, आणि त्या विश्वासाला सगळ्यात मोठा तडाही त्याच काळात गेला. अमेरिकेनं २,७१० लिबर्टी जहाजं बांधली, रिव्हेट जवळजवळ टाळून, वेल्डिंगनं. १६ जानेवारी १९४३ च्या थंड रात्री पोर्टलंडच्या धक्क्याला ‘स्कनेक्टडी’ नावाचं, वेल्डिंगनंच बांधलेलं नवंकोरं तेलवाहू जहाज शांत पाण्यात उभं होतं. एकाएकी मैलभर ऐकू जाईल असा आवाज झाला आणि जहाज मधोमध चिरलं. तळाच्या पत्र्यानं तेवढं धरून ठेवलं. प्रथम सगळे वेल्डरना बोल लावू लागले. काही जोड खरोखर सदोष होतेही. पण केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिलं की मूळ दोष पोलादात होता. ते पोलाद थंडीत काचेसारखं तडकत होतं. रिव्हेटच्या जहाजात चीर एका पत्र्याच्या कडेपर्यंत जाऊन थांबे. वेल्डिंगनं सारं जहाज एकसंध झाल्यामुळे तिला थांबायला कडच उरली नव्हती. त्यानंतर कोपरे गोल झाले, चीर अडवणाऱ्या पट्ट्या आल्या आणि पोलाद थंडीत कसं वागतं हे तपासून घेणं सुरू झालं.

जहाजांसारखेच रूळही आधी वेल्डिंगविना जोडलेले असत. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, रेल्वे आली १९०० मध्ये, हैदराबाद-मनमाड मार्गावर, मीटरगेजची. तेव्हाचे रूळ फिशप्लेटनं जोडलेले, दोन रुळांमध्ये फट. जुन्या प्रवाशांच्या कानात जी खडखड भरलेली आहे ती त्या फटींवरून जाणाऱ्या चाकांची. आता रूळ वितळवून जोडतात. ही युक्ती जर्मनीच्या हान्स गोल्डश्मिट यांची, १८९५ ची. लोखंडाचा गंज आणि ॲल्युमिनियमची भुकटी यांचं मिश्रण पेटवलं की ॲल्युमिनियम गंजातला प्राणवायू ओढून घेतं. अर्ध्या मिनिटाच्या आत अडीच हजार अंशांच्या आसपास तापलेला लोखंडाचा रस तयार होतो, मळी तरंगून वर येते आणि रस खाली रुळांमधल्या फटीत उतरतो. इथं ना वीज लागते, ना भट्टी. प्राणवायूला नुसतं दूर ठेवण्याऐवजी त्याचीच देवघेव कामाला लावलेली.

१९८५ मध्ये याच शहराजवळच्या वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि या भागातल्या हजारो घरांत वेल्डिंग हा शब्द पगाराबरोबर आला. वाळूजला तीनचाकी रिक्षा आणि मोटरसायकली होतात. मोटरसायकलची चौकट नळ्यांची, सीओटूनं जोडलेली. रिक्षाचं अंग पत्र्याचं, आणि पत्र्याला हवं स्पॉट वेल्डिंग. त्यामागची, विजेचा प्रवाह सोडून दाबाखाली जोडण्याची युक्ती अमेरिकेतल्या एलिहू थॉमसन यांची, १८८६ च्या पेटंटमधली. तांब्याच्या दोन टोकांत दोन पत्रे चिमटीत धरल्यासारखे दाबायचे आणि सेकंदाच्या अंशभर हजारो अँपिअरचा प्रवाह सोडायचा. दोन्ही पत्र्यांच्या मध्ये डाळीच्या दाण्याएवढा धातू वितळतो आणि गोठतो. लेप लागत नाही, वायू लागत नाही. पत्रे इतके घट्ट दाबलेले असतात की हवा आत शिरतच नाही. शहराजवळच्याच शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या मोटारी जुळू लागल्या. एका मोटारीच्या अंगावर असे ठिपके काही हजार असतात, आणि आता ते बहुतेक यंत्रमानव मारतात.

पण जोड आत कसा धरला आहे हे यंत्रमानवाला दिसत नाही. म्हणून लाइनवर अधूनमधून एक तुकडा बाजूला काढतात, दोन पत्र्यांमध्ये छिन्नी घालतात आणि हातोडीनं फाडतात. जोड चांगला असेल तर तो सुटत नाही. भोवतीचा पत्राच फाटतो, एका पत्र्याला भोक पडतं आणि दुसऱ्यावर गोल बटणासारखा तुकडा चिकटून राहतो. ते बटण मोजतात. ठरल्यापेक्षा लहान निघालं तर लाइन थांबते.

आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. तिथली परीक्षाही अशीच पाहण्याजोगी. मुलानं जोडलेली पट्टी घासून गुळगुळीत करतात आणि दाबयंत्राखाली इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवतात. बाहेरच्या बाजूला, जिथं ताण सगळ्यात जास्त, तिथं नेमका जोड येईल अशी. पट्टी निघाली की शिक्षक ती उजेडाकडे धरतात आणि त्या बाकावरून अंगठ्याचं नख फिरवतात. नख कुठं अडकतं का, एवढंच पाहायचं. मुलगा शेजारी श्वास रोखून उभा असतो. नख अडकलं नाही की पट्टी टेबलावर ठेवली जाते आणि पुढच्या मुलाचं नाव पुकारलं जातं.