मुलांच्या आयांनी बोलायला हवं
(खराडी येथील बचत गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



इथल्याच वस्तीतल्या एका आईने सोळा वर्षांच्या लेकीची शाळा सोडवून तिचं लग्न ठरवलं होतं. मी कायदा सांगू लागले, तर ती म्हणाली, "ताई, मला का कळत नाही? पण पोरीचं वय वाढलं की चांगलं स्थळ मिळतं का?" लग्न तूर्त थांबलंय. त्या आईची भीती मात्र तशीच आहे.

मला चीनमधल्या आया आठवल्या. तिथे कित्येक शतकं पाच-सहा वर्षांच्या मुलींची पावलं बांधत. अंगठा सोडून बाकीची बोटं तळव्याखाली दुमडायची आणि हाडं मोडेपर्यंत पट्ट्या आवळायच्या. तीन इंची पावलाला म्हणायचं 'सोनेरी कमळ'! पट्ट्या आवळणारे हात बहुधा आईचेच. ती दुष्ट होती का? नाही. मोठ्या पावलांच्या मुलीला स्थळ मिळत नाही, हे तिने पाहिलेलं होतं. शिवाय एका जागी बसलेली मुलगी सूत कातायची, विणायची. तिच्या त्या कष्टांचा हिशेब कोणी ठेवला नाही.

सतराव्या शतकात मांचू बादशहाने बंदी घातली, ती टिकली नाही. १९०२ मध्ये राजाज्ञा निघाली, १९१२ मध्ये प्रजासत्ताकाने बंदी केली. काही ठिकाणी अधिकाऱ्यांनी बायकांच्या पट्ट्या जबरदस्तीने सोडवल्या. म्हणजे अपमान पुन्हा बाईचाच!

खरा उपाय सापडला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. कुटुंबांनी मंडळं स्थापून एकत्र शपथ घेतली: मुलीची पावलं बांधणार नाही, आणि बांधलेल्या पावलांची सून आणणार नाही. दुसऱ्या अर्ध्या शपथेने पहिलीला बळ दिलं. च्यू चिन या क्रांतिकारक बाईने स्वतःची पावलं सोडवली, १९०७ मध्ये शांघायला स्त्रियांसाठी नियतकालिक काढलं. त्याच वर्षी तिचा शिरच्छेद झाला.

आपल्याकडेही १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. रूढी ज्या हातांनी चालते, ते हात थांबले की ती लटपटते.

म्हणून आज मुलींच्या आयांना उपदेश करणार नाही. मुलांच्या आयांनो, तुम्हाला विचारते: अठराच्या आतली सून आणणार नाही, हुंडा घेणार नाही, असा शब्द सगळ्यांसमोर द्याल? वही इथे ठेवली आहे. तुमचं नाव त्यात आलं, तर उद्या त्या आईला सांगायला माझ्याजवळ कायद्याशिवायही काही असेल.